गाडीच्या एसीचा गॅस दुसऱ्यांदा गेला: कंडेन्सर बदलायचा, कॉम्प्रेसर बदलायचा की वेल्डिंग?

घोडबंदरकर:

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा नॉबवाला एसी. राहायला कासारवडवली, ऑफिस महापे. म्हणजे रोजचा रस्ता घोडबंदर, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड.

गेल्या उन्हाळ्यात एसी गार करेनासा झाला, तेव्हा घराजवळच्या गॅरेजात गॅस भरून घेतला. "दर वर्षी थोडा कमी होतोच मॅडम, काळजी करू नका," असं तिथे सांगितलं. दिवाळीपर्यंत छान चालला. मार्च उजाडला आणि परत तेच. ऐरोलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की जरा गार वाटतं, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकलं की तोंडावर कोमट हवा. शिवाय एसी लावल्यावर बॉनेटमधून सारखी टक-टक येते, थांबते, पुन्हा येते.

आता तीन ठिकाणी विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो कंडेन्सर लीक आहे, बदलून गॅससकट साडेनऊ हजार. दुसरा म्हणतो टक-टक येते म्हणजे कॉम्प्रेसर गेला, चोवीस हजार. तिसरा म्हणतो कंडेन्सर काढून वेल्डिंग मारू, अडीच हजारांत काम होईल. गॅसचा दाब मोजणारा गेज मात्र तिघांपैकी एकानेच लावला, आणि काय आकडे आले ते सांगितलं नाही.

सासूबाईंना डायलिसिससाठी नेरुळला नेते. परतताना भर दुपार असते आणि त्या आधीच थकलेल्या असतात. त्यामुळे पैसे लागले तर लागू देत, पण काम एकदाच आणि नीट व्हावं. कोणावर विश्वास ठेवू, आणि गॅरेजात उभी राहून नेमकं काय विचारू?


पाम_बीच:

माझ्या जुन्या सेदानचा कंडेन्सर मी आर्गन वेल्डिंग करून घेतला होता. पाइप जिथे जोडला जातो तिथे चीर होती. गाडी विकेपर्यंत काही त्रास झाला नाही. नवा टाकायच्या आधी एकदा विचार करा. अडीच हजार आणि साडेनऊ हजार यात फरक आहे.


रबाळे_एसी:

ताई, मी रबाळे एमआयडीसीत गाड्यांच्या एसीचंच काम करतो. तुमचं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं, कारण तुमच्यासारखी गाडी माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते. दोनदा-तीनदा गॅस भरलेला असतो, आणि गळती कुठे आहे ते कोणी शोधलेलंच नसतं.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच गॅस बंद पाइपांतून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलमधून आणि रबरी पाइपांतून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो हे खरं, पण चांगली सिस्टीम त्यावर कित्येक वर्षं काढते. एका मोसमात गार करायचं थांबलं, तर भोक आहे. भोक असताना गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. म्हणून "दर वर्षी भरावाच लागतो" हे ऐकून घेऊ नका.

आता टक-टक. तो आवाज कॉम्प्रेसरच्या पुलीवरच्या मॅग्नेट क्लचचा आहे. सिस्टीममध्ये एक प्रेशर स्विच असतो. दाब फार खाली गेला की तो कॉम्प्रेसर बंद पाडतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरत असतं आणि गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळेल. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर चालू झाल्यावर दाब पडतो, स्विच तोडतो, दाब परत चढतो, स्विच जोडतो. म्हणून टक, टक, टक. तुमच्या बाबतीत तो आवाज कॉम्प्रेसर मेल्याचा नसून बहुधा कॉम्प्रेसर वाचवला जात असल्याचा आहे. चोवीस हजारांचं काम फक्त त्या आवाजावर कोणी सांगत असेल तर गाडी तिथून बाहेर काढा.

पण लगेच "कंडेन्सर बदला" असंही मी म्हणणार नाही. चालताना गार आणि सिग्नलला गरम, ही तक्रार दोन रोगांची आहे. एक, गॅस कमी. दुसरा, कंडेन्सरचा पंखा फिरत नाही. कंडेन्सर म्हणजे पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात उभी असलेली ॲल्युमिनियमची चौकट. कॉम्प्रेसरने दाबलेला गरम गॅस तिथे येतो आणि साधारण ५५ ते ६० अंशांना द्रव होतो. ती उष्णता बाहेरच्या हवेने उचलून न्यायला हवी. गाडी पळत असेल तर वारा आपोआप लागतो, उभी असेल तर सगळी मदार पंख्यावर. पंखा बंद असलेल्या गाडीत नवा कंडेन्सर टाकला तरी विटाव्याला तीच कोमट हवा येणार.

हे घरी बघता येतं. गाडी सुरू करा, एसी लावा, ब्लोअर पूर्ण करा, बॉनेट उघडा. हात आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. क्लच जोडला गेला की पंखा फिरायला हवा. काही गाड्यांत पंख्याचे दोन वेग असतात आणि हळू वेगाचा रेझिस्टर जळतो. मग इंजिन खूप तापल्यावर पंखा जोरात सुरू होतो, पण एसीसाठी फिरत नाही. पंख्यामागे रिले, फ्यूज, रेझिस्टर हेच बघायचं असतं आणि ते काम स्वस्त आहे.

मग टॉर्च घ्या आणि जाळीतून कंडेन्सरचं तोंड बघा. पातळ पात्यांवर धूळ सगळीकडे सारखी असते. पण कुठे तळहाताएवढा काळपट, ओलसर, चिकट डाग दिसला तर समजा गळती तिथेच आहे. गॅस दिसत नाही, मात्र तो जाताना सोबत तेल घेऊन जातो आणि त्या तेलावर धूळ बसते. बहुतेक वेळा हा डाग खालच्या अर्ध्या भागात, दगड लागतो तिथे सापडतो. शिळफाट्याकडून येणाऱ्या डंपरच्या मागे चालणाऱ्या गाड्यांची तोंडं मी रोज बघतो. आपल्याकडे दुसरं कारण खाडीची खारी हवा. जोडाच्या कडेला पांढरी पावडर धरते आणि आतून ॲल्युमिनियम खात जाते.

आता गेज. आकडे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमच्या गाडीत आर-१३४ए हा गॅस असणार, बॉनेटखालच्या स्टिकरवर नाव आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. इंजिन थंड आणि बंद असताना दोन्ही काटे, निळा कमी दाबाच्या बाजूचा आणि लाल जास्त दाबाच्या बाजूचा, सारखे असतात. ३० अंशांच्या हवेत ते ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास आले, तर आत थोडा तरी द्रव गॅस आहे. किती आहे ते यावरून कळत नाही, मात्र काटे ५०-६० वरच असतील तर सिस्टीम जवळपास रिकामी. एसी चालू केल्यावर, आपल्या उन्हाळ्यात, निळ्या काट्यावर ३० ते ४५ आणि लाल काट्यावर २०० ते २५० असं काहीतरी दिसावं. दोन्ही खाली म्हणजे गॅस कमी. लाल ३०० च्या वर चढत चालला आणि निळाही वर म्हणजे पंखा नाही, कंडेन्सर तुंबलाय किंवा गॅस जास्त झालाय. निळा वर आणि लाल खाली, दोघं एकमेकांकडे सरकलेले, म्हणजे कॉम्प्रेसर दाबत नाही. त्या दिवशी कॉम्प्रेसरची गोष्ट करू, त्याआधी नाही.

पाम बीच साहेब, तुमचं वेल्डिंग टिकलं कारण चीर जाड ठोकळ्यावर होती. तिथे आर्गन चालतं, मीही करतो. पण कंडेन्सरच्या मधल्या चपट्या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक असते. ती पाती आणि नळ्या भट्टीत सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमने जोडलेल्या असतात आणि तो जोड ५७७ अंशांनाच पातळ व्हायला लागतो. नळीचं स्वतःचं ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या आत वितळतं. म्हणजे एक भोक बुजवताना शेजारचे जोड सुटायला फार थोडी उष्णता पुरते. दगडाने नळी फुटली असेल तर वेल्डिंग करू नका. एम-सील तर नकोच. आणि डब्यातून मिळणारं लीक-सीलर कोणी टाकत असेल तर हात धरून थांबवा. ते आतल्या बारीक वाटा बुजवतं आणि पुढे कोणी गॅस काढून घेणारं रिकव्हरी मशीन लावलं तर मशीनही खराब होतं.


घोडबंदरकर:

दादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवऱ्याला टॉर्च धरायला लावून बघितलं. पंखा फिरतो, क्लच लागला की लगेच. आणि ड्रायव्हरच्या बाजूला, खालून साधारण एक वीत वर, तुम्ही म्हणता तसाच काळा चिकट डाग आहे. बोट लावलं तर तेलकट लागतं. त्याच्या मधोमध दोन-तीन पाती चेपलेली आहेत.

बॉनेटच्या स्टिकरवर आर-१३४ए आणि ३७० ग्रॅम असं आहे.

म्हणजे कंडेन्सरच ना? तसं असेल तर काम करून घेताना काय काय बघू? आणि बाजारात तीन हजारांपासून कंडेन्सर मिळतात, त्यातला कुठला घेऊ?


रबाळे_एसी:

हो ताई, चेपलेली पाती आणि त्यावर तेल, म्हणजे दगडच. तरी मेकॅनिकला नायट्रोजन भरून साबणाचं पाणी मारायला सांगा आणि बुडबुडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. साधारण दीडशे ते दोनशे पीएसआय नायट्रोजन पुरतो. टायरची हवा भरून टेस्ट करू देऊ नका, तिच्यात पाणी असतं. ऑक्सिजनचा सिलेंडर तर जवळही नको, तेलाबरोबर त्याचा स्फोट होतो. नायट्रोजन भरलेलाच आहे तर सगळे जोड, कॉम्प्रेसरचं तोंड, गॅस भरायच्या पिनांची टोकंही बघून घ्यायची. एक भोक सापडलं म्हणजे दुसरं नाहीच असं समजू नये. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिथे साबण पोचत नाही. त्यासाठी दाब आत कोंडून काटा जागेवर थांबतो का ते बघत बसायचं, किंवा डाय, म्हणजे चमकणारा रंग, टाकून पाणी निथळायच्या नळीपाशी निळी टॉर्च मारायची.

कंडेन्सर कुठला. कंपनीचा घेतलात तर प्रश्नच नाही. कंपनीला पुरवठा करणाऱ्यांचा, त्यांच्याच नावाच्या खोक्यातला माल घेतला तरी चालेल, तो बहुतेकदा स्वस्त पडतो. तीन हजारवाले मी लावत नाही. त्यांची पाती विरळ असतात, ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत, मग मुलं ताणून बसवतात आणि तो ताण जोडावर येतो. घेताना खोकं उघडून बघा. पाइपाच्या दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची टोपणं घट्ट हवीत. टोपण गळून पडलेलं असेल तर परत द्या.

का, ते सांगतो. कंडेन्सरच्या एका कडेला उभी नळकांडी असते, तिच्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी असते. त्याला ड्रायर म्हणतात. पूर्वी ड्रायर वेगळा डबा असायचा, अजूनही काही गाड्यांत असतो, आणि मग तोही बदलायलाच हवा. हे दाणे उघड्या हवेतली ओल पितात आणि भरले की संपले. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत टोपण काढून कंडेन्सर रात्रभर बाकावर ठेवला तर नवा ड्रायर जुना झाला म्हणून समजा. म्हणून माझ्याकडे नियम आहे, टोपण पाइप हातात घेतल्यावरच काढायचं. जुना कंडेन्सर सोडल्यावर गाडीच्या बाजूच्या पाइपांनाही लगेच टेप लावायची, चहाला गेलो तरी.

तेलाचं फार लोक विसरतात. जुन्या कंडेन्सरबरोबर काही तेल बाहेर जातं, ते परत घालावं लागतं. छोट्या गाड्यांना साधारण २० ते ४० मिली, पण नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा. तेल पीएजी जातीचं, तेही कॉम्प्रेसरला लागतं त्याच ग्रेडचं. पीएजी ४६ आणि पीएजी १०० एक नव्हेत. आणि बाटली ताजी फोडलेली हवी, कारण हे तेलही हवेतली ओल ओढतं. जुनं तेल बाहेर येताना त्याचा रंग बघायला सांगा. स्वच्छ किंवा किंचित पिवळं असेल तर देवाची कृपा. काळं आणि चमचमणारं असेल तर कॉम्प्रेसर आतून झिजतोय, मग थांबून विचार करायला हवा. या चपट्या नळ्यांत अडकलेला कचरा धुऊन निघत नाही, आणि कॉम्प्रेसर पुढे फुटला तर आज टाकलेला नवा कंडेन्सरही वाया जाईल.

जोडांमधल्या रबरी ओ-रिंग नव्या, गॅसला चालणाऱ्या, बहुतेक हिरव्या येतात. तेलाचं बोट फिरवून बसवायच्या. कोरडी रिंग पिळली जाते आणि महिन्याभरात परत गळते. पाइपाचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यात जातो, तिथे जोर दाखवायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. इथेच लोक घाई करतात. पंप लावून पाच मिनिटांत काटा खाली गेला की "झालं" म्हणतात. काटा खाली गेला म्हणजे हवा गेली, पाणी अजून आतच आहे. समुद्रसपाटीला २९ इंच व्हॅक्यूम मिळालं की पाणी साधारण २५ अंशांनाच उकळायला लागतं. ठाण्यात तेवढं तापमान जवळपास बाराही महिने असतं, म्हणून पंपाला वेळ दिला तर ओल वाफ होऊन निघून जाते. वेळ मात्र द्यावा लागतो. निदान अर्धा तास, पावसाळ्यात किंवा सिस्टीम उघडी राहिली असेल तर तासभर. ओल राहिली तर ती एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे द्रव गॅस जिथून सुटून गार होतो त्या बारीक भोकाच्या, तोंडाशी बर्फ होते आणि वाट अडवते. तेलात मिसळून आम्ल होतं ते वेगळंच, आणि ते आतून धातू खातं. पंप बंद केल्यावर गेजचे व्हॉल्व्ह बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. वर सरकला तर गॅस भरायचाच नाही.

आणि गॅस वजनावर. तुमच्या स्टिकरवर ३७० आहे. बाजारातला छोटा डबा बहुधा ४५० ग्रॅमचा असतो. वजनकाटा नसलेला माणूस अख्खा डबा ओततो, शिवाय "थोडा जास्त भरलाय, जास्त गार होईल" असंही सांगतो. होतं उलट. कंडेन्सरमध्ये द्रव साठून राहतो, गॅस थंड व्हायला जागा उरत नाही, लाल काटा चढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर भार येतो. वजनकाटा नसेल तिथे गाडी लावू नका. तेवढं एक विचारलंत तरी अर्धी गॅरेजं गळतील.

एक विनंती. उरलेला गॅस पिन दाबून हवेत सोडायला देऊ नका, रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी जा. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरला जातो. तुमच्या गाडीतले ३७० ग्रॅम म्हणजे जवळपास ५३० किलो कार्बन डायऑक्साइड. किगाली करारातून जगभर हे गॅस कमी करायचं ठरलं आहे आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे मनावर घ्यायला हवं असं मला तळमळीने वाटतं. हातावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून चष्मा आणि हातमोजेही हवेत. कारण हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे उडतो तो अतिथंड.


कामोठेकर:

मी माझ्या गाडीचा कंडेन्सर घरीच उतरवला होता. गॅस आधी गॅरेजात काढून घेतला, शेवटचं व्हॅक्यूम आणि गॅसही तिथेच. मधलं खोलकाम घरी. ताईंना करायचं नसेल तरी समोर उभं राहून काय बघायचं, तेवढं सांगतो.

बंपर काढावा लागतो. चाकाच्या कमानीतले स्क्रू, वरच्या क्लिपा, खालच्या क्लिपा, फॉगलॅम्पचा कनेक्टर. क्लिपा जुन्या झाल्या की तुटतातच, त्यामुळे दहा-बारा नव्या आधीच आणून ठेवायला सांगा. नाहीतर बंपर दोन क्लिपांवर लटकवून देतात आणि हायवेवर तो थरथरतो. एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडं थांबूनच पुढे हात घाला, धडकेचा सेन्सर पुढे असतो. कंडेन्सर ओढताना रेडिएटरची पाती फार सहज वाकतात, मी मधे पुठ्ठा सरकवला होता. त्याच वेळी दोघांच्या मधला कचरा साफ करून घ्या. माझ्या इथे पिंपळाची पानं, प्लॅस्टिक आणि मेलेली फुलपाखरं यांचा थर निघाला.

आणि कडेचे फोमचे तुकडे आणि प्लॅस्टिकचे पडदे. ते फालतू वाटतात आणि परत लावले जात नाहीत. ते नसले तर पंख्यामागची गरम हवा कडेने फिरून परत पुढे येते. गाडी उभी असताना एसी मार खातो तो याच्याने. हे माझ्या गाडीत मागच्या मालकाच्या मेकॅनिकने काढून फेकले होते.


रबाळे_एसी:

कामोठेकर, फोमचं सांगितलंत ते फार मोलाचं. नव्या कंडेन्सरबरोबर ते येत नाहीत, जुन्यावरून जपून काढून चिकटवावे लागतात. माझ्या पोरांना मी हे सारखं सांगत असतो.


पाम_बीच:

वेल्डिंगचं पटलं. आता घरी दुसरी गाडी इलेक्ट्रिक आहे. तिला हेच सगळं लागू का? आमच्या सीवूड्सला जवळचा माणूस म्हणतो "एसी सगळे सारखेच".


रबाळे_एसी:

साहेब, कंडेन्सर तसाच, व्हॅक्यूम तेच, वजन तसंच. कॉम्प्रेसर मात्र वेगळा. तो बॅटरीच्या मोठ्या व्होल्टेजवर चालतो, मोटर आतच असते आणि गॅस-तेल तिच्यावरूनच फिरतं. त्यामुळे तेल वीज न वाहू देणारं लागतं, सहसा पीओई जातीचं. त्यात साधं पीएजी मिसळलं तर इन्सुलेशन कमी होतं, गाडी फॉल्ट दाखवते, कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते. गेजच्या पाइपांत आधीच्या गाडीचं पीएजी राहिलेलं असलं तरी घोळ होऊ शकतो. मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचं प्रशिक्षण ज्याने घेतलंय त्याच्याकडेच न्या. काही गाड्यांत बॅटरीसुद्धा याच गॅसने थंड होते, म्हणजे गळती फक्त तुमच्या घामापुरती राहत नाही.


घोडबंदरकर:

काम झालं. सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून लिहिते.

वजनकाटा आहे का, असं फोनवरच विचारत गेले. दोघांनी "अनुभवाने भरतो" म्हटलं, त्यांना नमस्कार केला. शेवटी तुर्भ्याला एक छोटं गॅरेज मिळालं. काटा आहे, रिकव्हरी मशीन आहे, आणि मालकाला प्रश्न विचारलेले आवडतात. नायट्रोजन मारून साबण लावला तर डागाच्या जागी सरसर फेस आला. मोबाइलवर शूटिंग करून ठेवलंय, घरी सासूबाईंनाही दाखवलं. दुसरी गळती मिळाली नाही, डॅशबोर्डसाठी काटा बघत बसलो तो हलला नाही. तेल स्वच्छ पिवळसर निघालं. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. तो चोवीस हजारांचा खर्च माझ्या हातून होता होता राहिला.

पुरवठादाराच्या नावाचा कंडेन्सर घेतला, टोपणं घट्ट होती. व्हॅक्यूम पाऊण तास चाललं, मी तिथेच बाकावर लॅपटॉप उघडून बसले होते. क्लिपा नव्या, फोम जुन्यावरून काढून चिकटवला. वजनकाट्यावर ३७० दाखवून गॅस बंद केला. बाहेर ३३ अंश होते. इंजिन नुसतं उभं, खिडक्या बंद, आतली हवा फिरवायचं बटण दाबलेलं. निळा ३८, लाल २२०, मधल्या झडपेत थर्मामीटर ९ अंश. सगळं मिळून आठ हजार सातशे.

परवा दुपारी नेरुळहून येताना विटाव्याला बराच वेळ अडकलो. सासूबाई मागे झोपून गेल्या होत्या.

एकच प्रश्न उरला. परत दगड लागू नये म्हणून पुढे जाळी लावावी का? गॅरेजचा पोऱ्या म्हणाला मच्छरदाणीची स्टीलची जाळी लावून देतो.


रबाळे_एसी:

वा ताई, आकडे अगदी हवे तसे आहेत. ते कागदावर लिहून गाडीच्या पुस्तकात ठेवा, पुढे कधी शंका आली तर तेच मोजमाप लागेल.

जाळी लावा, पण मच्छरदाणीची नाही. तिची भोकं इतकी बारीक असतात की वारा अडतो, आणि पहिल्या पावसात चिखलाने बुजते. मग तुम्ही पुन्हा सिग्नलला गरम हवेची तक्रार घेऊन याल. ॲल्युमिनियमची षटकोनी जाळी मिळते, आठ-दहा मिलीमीटर भोकाची. तेवढ्याने खडी अडते आणि हवा जाते. ती कंडेन्सरला चिकटवायची नाही. बंपरच्या खालच्या उघड्या भागाच्या मागे, प्लॅस्टिकला झिप-टायने बांधायची, म्हणजे दगड लागला तरी जाळी पात्यांवर दाबली जाणार नाही. हॉर्नला टेकत नाही ना, ते बघून घ्या, नाहीतर हॉर्न वाजवला की ती कंप पावते.

आणि गाडी धुणाऱ्या मुलाला सांगून ठेवा. पावसाळा संपला की जाळीतून साध्या पाइपाने, हलक्या धारेने आत पाणी मारायचं, खारट थर आणि धूळ निघून जाते. प्रेशर वॉशर मात्र जवळून नको, पाती आडवी होतात. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलवर ओलावा राहतो.